ड्युटी लावायची तर तारीख लिहून लावा

गाड्यांवरच्या इम्पोर्ट ड्युटीवर सध्या चर्चा चालू आहे, पण विदर्भातल्या माणसाला इम्पोर्ट ड्युटी काय असते हे टीव्हीवरच्या चर्चेतून शिकायची गरज नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला विचारा, तो तुम्हाला पाठ म्हणून दाखवेल. बांगलादेश आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं बाहेरचं गिऱ्हाईक, आणि त्यांनी २०१९ नंतर ड्युटी वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांवर नेली, म्हणजे बागेत शेतकऱ्याला जो भाव मिळतो त्यापेक्षा नुसती ड्युटीच जास्त. माल अडला, भाव पडले, झाडाखाली संत्र्याचे ढीग लागले आणि शेवटी राज्य सरकारला किलोमागे ४४ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. ड्युटी ढाक्याने लावली, पैसे गेले काटोलच्या माणसाचे आणि आपल्या सगळ्यांच्या टॅक्सचे, आणि तिकडे ढाक्याच्या बाजारात संत्रं विकत घेणाऱ्यालाही ते महागच पडलं.

आता कापूस बघा, तिथे बरोबर उलटं झालं. कापसावर ११ टक्के इम्पोर्ट ड्युटी होती, ती केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंतच, मग वाढवून ३१ डिसेंबर केली, म्हणजे नेमका आपला नवीन कापूस घरात यायचा टाइम. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, आणि बाजारात व्यापारी त्याच्या खाली भाव करून राहिले होते. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे होता, अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावल्यामुळे कपडा निर्यात करणारे अडचणीत होते, हे सगळं मान्य, पण त्यांची अडचण निस्तरायला कोणाचा खिसा कामी आला ते यवतमाळ-वर्ध्याचा शेतकरी सांगेल.

हे दोन्ही मी यासाठी सांगतोय की सध्या गाड्यांवरच्या इम्पोर्ट ड्युटीबद्दल जी चर्चा चालू आहे ती मला फार वरवरची वाटते. एक बाजू म्हणते ड्युटी म्हणजे देशप्रेम, दुसरी म्हणते ड्युटी म्हणजे मागासलेपणा, सगळं खुलं करा. दोघंही हे विचारत नाहीत की या ड्युटीच्या आडोशाला कोण उभं आहे, त्याच्या हातात भाव ठरवायची ताकद आहे का, आणि तो आडोसा कधी काढणार याची तारीख कुठे लिहिली आहे का. कापूसवाल्याच्या हातात भाव ठरवणं नाही, तो बाजारात नेतो आणि जो भाव सांगतील तो घेतो, आणि त्याचा आडोसा एका नोटिफिकेशनमध्ये निघाला. गाडी कंपन्यांच्या हातात भाव ठरवणं आहे, बोटावर मोजण्याएवढ्या कंपन्या आहेत, आणि त्यांचा आडोसा गेली ७० वर्षं कुठल्या ना कुठल्या रूपात चालूच आहे. माझा मुद्दा हाच आहे, आणि मला तो नुसता आर्थिक नाही, न्यायाचा वाटतो.

आधी आकडे बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं ड्युटी म्हणजे फक्त मर्सिडीजवाल्याचा प्रॉब्लेम. आपल्याकडे पूर्ण तयार होऊन येणाऱ्या गाडीवर, जिला सीबीयू म्हणतात, ४० हजार डॉलरच्या आतली असेल तर ७० टक्के ड्युटी. त्याच्या वरची असेल तर सगळं धरून ११० टक्के. २०२५ च्या बजेटमध्ये बातमी आली होती की महागड्या गाड्यांवरची १०० टक्के ड्युटी (अधिभार धरून ११०) ७० वर आणली, पण सोबत ४० टक्के कृषी सेस लावला, म्हणजे एकूण जिथे होतं तिथेच राहिलं. समजा एक मोठी पेट्रोल गाडी मुंबईच्या बंदरात २० लाखाला उतरली. ७० टक्के ड्युटी म्हणजे १४ लाख, झाले ३४ लाख. आता याच्यावर ४० टक्के जीएसटी, आणि हा जीएसटी २० लाखावर नाही, ३४ लाखावर लागतो, म्हणजे ड्युटीवरही टॅक्स. १३ लाख ६० हजार अजून. झाले ४७ लाख ६० हजार, आणि अजून डीलरचं मार्जिन नाही, आरटीओचा टॅक्स नाही, इन्शुरन्स नाही. २० ची गाडी नागपूरच्या रस्त्यावर येईपर्यंत ५० च्या पुढे.

टेस्लाचंच उदाहरण घ्या. आपल्या नागपूरचे खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी एप्रिल २०२२ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की भारतात येऊन गाड्या बनवा, स्वागत आहे, पण चीनमध्ये बनवायच्या आणि इथे विकायच्या हे जमणार नाही. शेवटी जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत शोरूम उघडलं, गाडी शांघायच्या प्लांटमधलीच आणली, फुल ड्युटी भरून, आणि मॉडेल वाय ची किंमत सुरू झाली ६० लाखाच्या आसपास. अमेरिकेत तीच गाडी तेव्हा साधारण ४५ हजार डॉलरला मिळत होती. बरं, ६० लाखाची गाडी घेणाऱ्याची मला काही काळजी नाही, तो घेईलच. मला काळजी आहे ७-८ लाखाची गाडी घेणाऱ्याची, कारण तो म्हणतो भाऊ, आपल्याले काय करायचं आहे इम्पोर्ट ड्युटीशी, आपली गाडी तर इथेच बनते. आणि इथेच सगळी गडबड आहे.

ड्युटी फक्त बाहेरून येणाऱ्या गाडीचा भाव वाढवत नाही. बाहेरची गाडी ५० ला पडणार हे इथल्या कंपनीला पक्कं माहीत असेल, तर आपली गाडी किती चांगली करायची आणि कितीला विकायची हे ठरवताना तिच्यावर दबाव कमी असतो. पावतीवर हे कुठेच छापून येत नाही. तुम्ही वर्धा रोडच्या शोरूममध्ये जाऊन डाऊन पेमेंट करता, ईएमआय सुरू होतो, त्यात ७० टक्क्यांच्या आडोशाचा हिस्सा किती हे ना सेल्समन सांगू शकतो ना बँक.

याचा सगळ्यात वाईट पुरावा भावात नाही, सेफ्टीमध्ये आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांची क्रॅश टेस्ट केली, अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, सगळ्यांची बिना एअरबॅगची बेसिक मॉडेल, आणि पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सेफ्टीमध्ये शून्य स्टार. यातल्या काही कंपन्या युरोपमध्ये त्याच नावाच्या गाड्या एअरबॅग लावून विकत होत्या. तिकडे कायदा होता आणि तिकडे गिऱ्हाईकाकडे दहा पर्याय होते. इथे कायदाही नव्हता आणि पर्यायही मोजकेच. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली २०१९ मध्ये, बाजूच्या सीटची त्याच्याही नंतर, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम, २०१९ मध्ये, आणि भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणारी आपली स्वतःची क्रॅश टेस्ट, सुरू झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे जे काम स्पर्धेने आधीच करून टाकलं असतं ते सरकारला एकेक नियम काढून करवून घ्यावं लागलं, आणि मधल्या वर्षांत नागपूर-अमरावती, नागपूर-जबलपूर रस्त्यांवर ज्या गाड्या आपटल्या त्यात बसलेल्या लोकांनी त्या उशिराची किंमत दिली. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्या कंपनीला युरोपातल्या माणसाच्या डोक्यापुढे एअरबॅग परवडते तिला वर्धेच्या माणसासाठी ती परवडत नव्हती, असं मानायला मी तयार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि ती न सांगता लिहिणं चुकीचं होईल. हा आडोसा नसता तर कदाचित आज आपल्याकडे गाड्यांचे कारखानेच नसते.

स्वातंत्र्याच्या आधी जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डही होती, पण सगळं सामान बाहेरून यायचं आणि इथे फक्त नट कसायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांचा इथे खरोखर गाडी बनवायचा कार्यक्रम नाही त्यांनी तीन वर्षांत काम बंद करावं, आणि या दोन्ही कंपन्या गेल्या. राहिलेल्यांना मोकळं मैदान मिळालं. त्यातून काय निघालं? अँबॅसिडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेलं मॉडेल, १९५० च्या दशकात सुरू झालं आणि २०१४ पर्यंत बनत राहिलं, वरचा साचा जवळपास तोच. आणि मुंबईची पद्मिनी. लोक बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायचे, नंबर लागला की पेढे वाटायचे, आणि आजही ज्येष्ठ मंडळी हे कौतुकाने सांगतात, पण मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. स्वतःचे पैसे देऊन स्वतःची गाडी घ्यायला माणसाला रांगेत उभं केलं होतं एवढंच ते आहे.

पण त्याच आडोशाच्या आत डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ड्युटी तीच, लायसन्स राज तेच, देश तोच. फरक काय होता? सुझुकीसोबतच्या करारात ठरलेल्या टप्प्यांमध्ये पार्ट्स इथलेच वापरायची अट होती, म्हणजे किती वर्षांत किती टक्के माल देशी असला पाहिजे हे आधीच कागदावर होतं. त्यामुळे गुडगावच्या आजूबाजूला पार्ट्स बनवणाऱ्यांची अख्खी फळी उभी राहिली. मग १९९३ मध्ये गाड्यांचं लायसन्स गेलं, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि १९९८ या एकाच वर्षात सँट्रो आणि इंडिका दोन्ही बाजारात उतरल्या तेव्हा मारुतीला आपल्या ८०० चे भाव उतरवावे लागले. ज्याच्याकडे तेव्हा ८०० होती त्यांना आठवत असेल. ह्युंदाईने चेन्नईजवळ प्लांट टाकला तो काही आपल्यावरच्या प्रेमाने नाही, तयार गाडी आणली असती तर ड्युटीत मेली असती म्हणून टाकला. हा ड्युटीचा फायदा आहे, हा मी पूर्णपणे मान्य करतो. मर्सिडीज पुण्यात १९९५ पासून गाड्या जोडते तेही याच हिशोबाने, सुट्या भागांच्या किटवर ड्युटी कमी, तयार गाडीवर जास्त.

म्हणजे एकाच ड्युटीने अँबॅसिडर पण दिली आणि मारुती पण दिली. ज्याला तारीख आणि टार्गेट होतं तो सुधारला, ज्याला फक्त आडोसा होता तो आहे तिथेच बसून राहिला. आणि शेवटी खरा धक्का दिला तो आतल्या स्पर्धेने.

मग आज काय परिस्थिती आहे? २०२४-२५ या वर्षात देशात ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, जगात तिसऱ्या नंबरचं मार्केट. आणि त्याच वर्षात ७ लाख ७० हजार गाड्या आपण बाहेर विकल्या. मारुतीची फ्रॉन्क्स २०२४ पासून जपानला जाते, पाच दारांची जिम्नी पण जाते. जपानमध्ये गाड्यांवर इम्पोर्ट ड्युटी शून्य आहे. म्हणजे भारतात बनलेली गाडी समुद्र ओलांडून टोकियोत जाऊन टोयोटा आणि होंडाच्या अंगणात, कुठलाही आडोसा नसताना विकली जाते. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि मला खरोखर अभिमान आहे. पण मग तीच इंडस्ट्री दिल्लीत जाऊन सांगते की घरच्या मैदानावर आम्हाला ७० टक्क्यांचं संरक्षण पाहिजे, नाहीतर आम्ही टिकणार नाही. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, मला कोणी समजावून सांगावं.

शिवाय ड्युटी असूनही जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. ज्यांना छोटी, स्वस्त, चांगलं मायलेज देणारी गाडी जमली ते राहिले, नाही जमली ते गेले. म्हणजे इथे टिकायचं ठरतं ते इथल्या गिऱ्हाईकाला ओळखण्यावर, आणि बाजारातली ४० टक्क्यांच्या आसपास जागा ज्या कंपनीकडे आहे ती ड्युटी थोडी उतरली म्हणून उद्या सकाळी कोसळणार नाही.

अमेरिकेकडे बघितलं तर हा सगळा सिनेमा आधी दाखवून झालेला आहे. युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर ड्युटी लावली म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकवर २५ टक्के ड्युटी लावली. कोंबडीचं भांडण कधीच विसरलं गेलं, ट्रकवरची ड्युटी ६० वर्षांनंतरही आहे, कारण संपायची तारीख लिहिलीच नव्हती. तिकडच्या कंपन्यांचा पैसा पिकअप ट्रकमध्ये, छोट्या गाड्यांकडे त्यांचं लक्ष कमी होत गेलं. १९८१ मध्ये रेगनच्या काळात जपानवर दबाव टाकून वर्षाला १६ लाख ८० हजारच गाड्या पाठवायच्या असं ठरवलं. जपान्यांनी काय केलं, संख्या बांधलेली आहे तर मग महागड्या गाड्या पाठवू, आणि अॅक्युरा, लेक्सस असे ब्रँड त्याच दशकात उभे राहिले. अमेरिकन कंपन्यांनीही आपले भाव वाढवून घेतले. सामान्य अमेरिकन माणसाला दोन्हीकडून गाडी महाग पडली. एक फायदा झाला, होंडाने १९८२ मध्ये ओहायोत गाड्या बनवायला सुरुवात केली आणि तिथल्या लोकांना कामं मिळाली, पण ती किती महागात पडली हे तिथल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर बराच काळ चघळलं.

आणि आता ट्रम्प. ३ एप्रिल २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के, ३ मे पासून पार्ट्सवर पण. ज्या अमेरिकन कंपन्यांना वाचवायला हे केलं त्यातल्या जनरल मोटर्सनेच पुढच्या तिमाहीत सांगितलं की टॅरिफमुळे आम्हाला १ अब्ज १० कोटी डॉलरचा फटका बसला. कारण गाडी एका देशात बनत नाही. इंजिन मेक्सिकोत, वायरिंग तिसरीकडे, जुळवणी अजून कुठे. टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरने तर एप्रिलमध्ये अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं होतं. आपल्या देशातून गाड्यांचे पार्ट्स बाहेर जातात ते वर्षाला २३ अब्ज डॉलरच्या आसपास, आणि त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथे ड्युटी लागली तर इथे पुण्यात, चेन्नईत, फरिदाबादमध्ये ओव्हरटाइम बंद होतो. आपण ट्रम्पला शिव्या देतो ते बरोबरच आहे, पण २५ टक्के अन्याय असेल तर आपले ७० आणि ११० काय आहेत, हा प्रश्न समोरचा विचारणार, आणि विचारतोही.

आता नागपूरचं बघू, कारण इथे बसून लिहायचं तर इथल्या पोटाचा विचार केला पाहिजे. हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर प्लांट आहे आणि त्याच्या भरवशावर हिंगणा एमआयडीसीत कितीतरी छोटे युनिट चालतात, कोणी लेथवर टर्निंगचं जॉब वर्क करतो, कोणी शीट मेटल, कोणी कास्टिंग. भंडाऱ्याच्या गडेगावला अशोक लेलँड, वरठीला सनफ्लॅगचं स्टील, जे गाड्यांच्या पार्ट्ससाठी वापरलं जातं. स्टीलला लागणारं मँगनीज ज्या मॉइलचं, तिचं हेड ऑफिस आपल्या नागपुरात. बुटीबोरीला सिएटचे टायर. म्हणजे इथे गाडीचा मोठा कारखाना नसला तरी गाडीच्या पोटात जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपल्या आजूबाजूला बनतात, आणि ड्युटीत केलेला कुठलाही बदल इथल्या शिफ्टपर्यंत पोचतो.

टायरचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. नैसर्गिक रबरावर २५ टक्के किंवा किलोला ३० रुपये, यातलं जे कमी असेल तेवढी ड्युटी आहे. आणि तयार टायरवर त्यापेक्षा कमी. म्हणजे बुटीबोरीत टायर बनवणाऱ्याला कच्चा माल महाग आणि बाहेरून तयार टायर आणणाऱ्याला ड्युटी कमी. टायर कंपन्या वर्षानुवर्षं याची तक्रार करतात. पण रबरावरची ड्युटी कोणासाठी आहे? केरळच्या रबर शेतकऱ्यासाठी, जो आपल्या कापूसवाल्यासारखाच भाव ठरवू शकत नाही. म्हणून मी असं म्हणणार नाही की ती उद्या काढा. मी म्हणेन की शेतकऱ्याला वाचवायचं असेल तर सरळ त्याच्या खात्यात द्या. स्कूटरवाल्याच्या टायरमधून, रिक्षावाल्याच्या टायरमधून, कळमन्यात भाजी आणणाऱ्या टेम्पोच्या टायरमधून लपवून वसूल करू नका. रबराची ड्युटी टेम्पोच्या भाड्यात येते, भाडं भाजीत येतं, आणि ज्या बाईने आयुष्यात गाडी घेतली नाही ती पण ती भरते.

पार्ट्सचंही तसंच. २०१८ च्या बजेटमध्ये गाड्यांच्या बऱ्याच पार्ट्सवरची ड्युटी साडेसात-दहा टक्क्यांवरून १५ वर नेली. उद्देश होता इथे बनवा. चांगला उद्देश. पण जो पार्ट इथे बनतच नाही, सेन्सर असेल, इलेक्ट्रॉनिक्सचं काही असेल, तो महाग झाला की एक तर गाडी महाग होते किंवा ते फीचर फक्त टॉप मॉडेलमध्ये जातं. आणि अॅक्सिडेंट झाल्यावर दुरुस्तीला गाडी टाकली की एस्टिमेट बघून माणूस हबकतो. दुसरं म्हणजे एवढे वेगवेगळे स्लॅब असले की भांडणं कोर्टात जातात. स्कोडा फोक्सवॅगनवर कस्टमने १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली, आरोप असा की गाडीचं अख्खं किटच होतं पण सुटे पार्ट म्हणून दाखवून कमी ड्युटी भरली. कंपनी म्हणते आम्ही नियमानेच भरली, आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. खरं खोटं कोर्ट ठरवेल, पण किट कुठे संपतं आणि पार्ट कुठे सुरू होतो यावर इतका पैसा अडकतो ही काही चांगल्या व्यवस्थेची खूण नाही.

काही लोक लगेच ऑस्ट्रेलियाचं नाव घेतात आणि बरोबर घेतात. तिथे १९८० च्या दशकात गाड्यांवर ५७.५ टक्के ड्युटी होती, ती उतरवत उतरवत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आणली. फोर्डने २०१६ मध्ये आणि टोयोटा, होल्डनने ऑक्टोबर २०१७ मध्ये कारखाने बंद केले. आज ऑस्ट्रेलियात एकही कंपनी मोठ्या प्रमाणावर प्रवासी गाडी बनवत नाही. हे हिंगण्यात व्हावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण ऑस्ट्रेलिया पावणेतीन कोटींच्या आसपास लोकांचा देश, मजुरी प्रचंड, घरचं मार्केट छोटं. आपल्याकडे वर्षाला ४३ लाख गाड्या घरातच खपतात आणि वरून पावणेआठ लाख बाहेर जातात. भीती रास्त आहे, तुलना पूर्ण लागू होत नाही.

खरी भीती चीनची आहे, हे सरळ बोलायला पाहिजे. जर्मनी किंवा जपानची गाडी शून्य ड्युटीवरही ६-७ लाखाला इथे येणार नाही. येईल ती चिनी इलेक्ट्रिक गाडी, आणि तिच्यामागे तिथल्या सरकारचा पैसा असतो. त्यावर उपाय युरोपने दाखवलेला आहे. त्यांनी चौकशी केली, कुठल्या कंपनीला किती सबसिडी मिळते ते मोजलं आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीनुसार वेगळी ड्युटी लावली, बीवायडीला १७ टक्के, एसएआयसीला ३५.३ टक्के, नेहमीच्या १० टक्क्यांच्या वर, आणि पाच वर्षांसाठी. कारण लिहिलं, हिशोब दाखवला, मुदत घातली. अशी ड्युटी मला शंभर टक्के पटते. आपल्याकडे सगळ्या जगाला एकच ७० टक्के, कारण विचारलं तर उत्तर मेक इन इंडिया, आणि किती वर्षं विचारलं तर उत्तर नाही.

बरं, आता दार उघडायला लागलंय, पण कुठून उघडतंय ते बघा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, जानेवारी २०२६ मध्ये युरोपियन युनियनशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. युरोपच्या गाड्यांवरची ११० टक्के ड्युटी हळूहळू १० वर येणार, वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात. इलेक्ट्रिकला पहिली पाच वर्षं सूट नाही. आणि आपल्या स्वस्त गाड्यांच्या सेगमेंटला हात लावलेला नाही. म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात बीएमडब्ल्यू काही लाखांनी स्वस्त येणार आणि नंदनवनमधला माणूस, जो पहिली गाडी घ्यायला पैसे जमवून राहिला आहे, त्याच्या बाजारात काहीच बदलणार नाही. त्याला जो दिलासा मिळाला तो ड्युटीतून नाही, २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला त्यातून मिळाला, आणि त्या महिन्यात शोरूममध्ये गर्दी बघितली असेल तर कळेल की ५०-६० हजारांच्या फरकाने किती घरांमध्ये गाडीचा विषय निघतो.

म्हणून मला काय पाहिजे ते सांगतो. सेफ्टीशी संबंधित जे पार्ट्स देशात बनत नाहीत त्यांच्यावरची ड्युटी येत्या बजेटमध्येच शून्य करा, त्यात कोणाचं पोट जात नाही. तयार गाड्यांवरची ७० टक्के दरवर्षी थोडी थोडी उतरवत पाच-सात वर्षांत २५-३० पर्यंत आणा, छोट्या गाड्या धरून, आणि कुठल्या वर्षी किती हे आजच छापून टाका म्हणजे कंपन्यांना तयारीला वेळ मिळेल आणि कोणी अचानक झालं म्हणून रडणार नाही. चिनी सबसिडीसाठी वेगळी, मोजून लावलेली, मुदतीची ड्युटी ठेवा. आणि या वर्षांमध्ये ड्युटीतून जो पैसा येतो त्यातला ठरलेला हिस्सा हिंगणा, बुटीबोरी, चाकण, वाळूजच्या छोट्या व्हेंडरना नवीन मशिनरीसाठी कमी व्याजाने द्या, कारण ज्याच्याकडे २० वर्षं जुनं लेथ आहे तो बाहेरच्या मालाशी कसा भिडणार, मोठी कंपनी तर उद्या दुसरीकडून पार्ट घेईल आणि मोकळी होईल, बुडेल तो हाच, आणि याला उभं करायचं काम ड्युटी उतरायच्या आधी सुरू झालं पाहिजे, नंतर नाही.